रिकाम्या हातांचा सारंग

झारी मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली ती फोटो काढून घेण्यासाठी. त्याआधी वर्षभर मी माळी म्हणून पगार घेत होतो, ती गोष्ट वेगळी.

साठचं दशक सरत आलं होतं. यूएई हे नाव अजून जन्माला यायचं होतं. शारजा असो, अजमान असो, की नुसती वाळू असो, आम्ही रत्नागिरीच्या खाडीकाठची माणसं त्याला सरसकट दुबई म्हणायचो आणि घरच्यांनाही ते पुरायचं. तर अजमानच्या अलीकडे, समुद्रापासून जरा आत, एका विलायती कंपनीने वाळूत काचेचं घर बांधलं होतं. त्याला ग्रीनहाऊस म्हणायचं. विलायतेत म्हणे थंडीने भाजी मरते, म्हणून तिला काचेत ठेवून ऊब देतात. आमच्या इथे ऊब ही एकच वस्तू फुकट मिळत होती. तरीही बोटीतून काच आली, गवतात गुंडाळलेली, आणि बरीचशी फुटलेली. उरली ती बसवली. ऊन आत यावं म्हणून काच, आणि ऊन आत येऊ नये म्हणून त्या काचेवर चुना. हा चुना फासायला, आतल्या काकड्या-टोमॅटोंना जगवायला आणि त्याबद्दल कंपनीला आशा लावून ठेवायला चार माणसं नेमली होती. एक केरळचा, एक बलुची, एक माझे मामू आणि एक मी.

गंमत बघा, आमच्या गावात काकडीचा वेल पावसाळ्यात न विचारता कौलांवर चढतो. काकड्या इतक्या होतात की शेजारी देऊ लागले तर आम्ही घरी नाही म्हणून सांगावं लागतं. ते गाव सोडून आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो, ते काकडीला पाणी घालायला.

मामू म्हणजे माझ्या आईचे सख्खे भाऊ. त्यांनीच मला तिथे चिकटवलं. मी मॅट्रिक होतो आणि मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचो, म्हणून आतली उष्णता बघून साहेबाला सांगणं, वेल दोऱ्यांना बांधणं, अशी सावलीतली कामं माझ्याकडे होती. पाण्याच्या कामाला मामूंनी मला कधी शिवू दिलं नाही. "बहिणीचा शिकलेला पोरगा. त्याच्या हातात झारी दिली, असं तिला कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?" असं म्हणून ती पत्र्याची मोठी झारी ते स्वतः उचलायचे. टाकीपासून वाफ्यापर्यंत आणि वाफ्यापासून टाकीपर्यंत दिवसभर त्यांच्या फेऱ्या चालायच्या. आमच्यात सगळ्यात जास्त राबणारा माणूस तोच होता.

पण मामूंना राबणारा म्हणवून घ्यायचं नव्हतं. त्यांना सारंग व्हायचं होतं.

हे जरा समजावून सांगायला हवं. मामू तरुणपणी बरीच वर्षं बोटीवर खलाशी होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. आमच्या किनाऱ्यावर त्या शब्दाला जो मान आहे तो कलेक्टरला नाही. सारंग मेला तरी त्याच्या घराला सारंगांचं घर म्हणतात, आणि त्याचा नातू रिकामटेकडा निघाला तरी त्याला लोक 'या, सारंग' म्हणूनच बसायला चटई देतात. मामूंची पाळी आली तेव्हा शेजारच्या गावचा एकजण सारंग झाला आणि मामू रागाने बोट सोडून आले. ते मला नेहमी सांगायचे, "बोटीवर मोठा माणूस ओळखायला बिल्ला बघावा लागत नाही. ज्याच्या हातात दोर तो खलाशी. ज्याच्या हातात रंगाचा डबा तो खलाशी. ज्याचे हात रिकामे, तो सारंग."

ग्रीनहाऊसच्या साहेबाने एकदा दुबईला जाता जाता मामूंना म्हटलं होतं, "हम जाता है, तुम सबको देखो." साहेब ते विसरला. मामूंनी ती नेमणूक समजली. गावाला निरोप गेला की भाऊ आता काचेच्या घरावर सारंग आहे. पण निरोपावर गाव विश्वास ठेवत नाही. गावाला काहीतरी बघायला लागतं.

ते बघायला मिळण्याची सोय साहेबानेच केली. हा साहेब मोठ्या पोटाचा, लाल मानेचा, हसरा माणूस होता. हिंदुस्थानातल्या चहाच्या मळ्यात बरीच वर्षं काढल्यामुळे त्याला एक प्रकारची हिंदी यायची. एके दिवशी तो घरून आलेला एक फोटो घेऊन आला आणि आम्हा चौघांना बोलावून त्याने तो बाकावर ठेवला. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, तपकिरी पडलेला, शंभरएक वर्षांपूर्वीचा फोटो. मागे काचेचं घर, वर चढलेला द्राक्षाचा वेल, कुंड्यांच्या रांगा. पुढे सहा-सात माणसं कमरेला एप्रन बांधून, शिक्षा ऐकायला उभी केल्यासारखी ताठ. एकाच्या हातात फावडं, एकाच्या हातात दाताळं, एकाने कुंडी पोटाशी धरलेली, एकाकडे लांब तोंडाची झारी. आणि मधोमध गोल कडक टोपी घातलेला, मिशीवाला, वेस्टकोटातून घड्याळाची साखळी लोंबणारा एक गृहस्थ.

साहेबाने त्याच्यावर बोट ठेवलं. "ये मेरा ग्रेट-ग्रँडफादर. लॉर्ड का बगीचा में हेड गार्डनर."

आम्ही खाली बघितलं. आम्हाला त्याचीच लाज वाटली. पणजा माळी होता ही काय सांगायची गोष्ट आहे? आमच्याकडे एवढ्या काळात त्या पणजाचा निदान सुभेदार तरी झाला असता. हा मात्र हसत हसत सांगत होता. त्या काळी तिकडे असे फोटो काढायची टूम होती म्हणे. लोहार घणासकट, झाडूवाला झाडूसकट, माळी झारीसकट. कॅमेऱ्यापुढे बराच वेळ हलायचं नाही, कारण फोटो उमटायला वेळ लागायचा. माळ्यांचं त्यातल्या त्यात बरं होतं. काचेच्या घरात चारी बाजूंनी उजेड, त्यामुळे त्यांची सुटका लवकर व्हायची.

"हमको अइसाच फोटो मंगता," साहेब म्हणाला. "सेम टु सेम."

केरळवाल्याने वेल बघितला, बलुचीने मिशी बघितली. मामू मात्र फोटोवरून नजर हलवेनात. बाहेर पडल्यावर माझा दंड धरून म्हणाले, "बघितलंस? सगळ्यांच्या हातात काही ना काही आहे. मधल्याचे हात रिकामे. अरे, जमिनीवर काय आणि पाण्यावर काय, कायदा एकच."

तयारी सुरू झाली. बाजारातून निळं कापड आणून एप्रन शिवले. साहेबाने हत्यारं वाटली. फावडं बलुचीला, काकडीचं रोप लावलेली कुंडी केरळवाल्याला, मला दोऱ्यांचं बंडल. आणि झारी त्याने मामूंपुढे धरली. साहेब भोळा असला तरी आंधळा नव्हता. रोज पाणी कोण घालतं ते त्याला ठाऊक होतं.

मामूंनी हात मागे घेतले. "साहब, हेड को हाथ में कुछ नहीं मंगता. आप का दादा का फोटो देखो."

साहेबाने फोटो बघितला, मामूंना बघितलं आणि पोट धरून हसला. बोटीतून येता-जाता त्यालाही तो शब्द माहीत झाला होता. "ऑल राइट, सारंग," तो म्हणाला. "तुम बीच में."

चौघांदेखत, साहेबाच्या तोंडून सारंग! मामूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. झारी अर्थातच फिरत फिरत माझ्याकडे आली.

मी कुरकुरलो. "मामू, हा फोटो आई बघेल."

"तिची समजूत मी काढतो. तू फक्त नीट धर. सांडू नको."

"रिकामी आहे ती, मामू."

"मग तर काहीच प्रश्न नाही."

फोटोवाला दुबईच्या बाजारातला. त्याच्याकडे नवा कॅमेरा होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. साहेबाने त्याला बापाच्या वेळचा लाकडी, काळ्या फडक्याचा कॅमेरा आणायला लावला, त्यामुळे तो आला तोच फुरंगटून. येताना त्याने स्टुडिओतला कोट आणला. त्या कोटाची ओळख करून दिलीच पाहिजे. आमच्या भागातल्या प्रत्येक दुबईवाल्याचा फोटो त्याच एका काळ्या कोटात आहे. जाड्याला पुढून लावायचा, बारक्याला मागून टाचण्या मारायच्या. वरचं बटण तुटलेलं होतं, त्यामुळे आमच्या गावात कित्येक दिवस समज होता की दुबईत वरचं बटण लावत नाहीत. मामूंनी एप्रन नाकारून तो कोट चढवला आणि डोक्यावर काळी टोपी ठेवली.

आत येऊन फोटोवाल्याने मान हलवली. "साहब, इधर तो पूरा अंधेरा है. ये कैमरा में कुछ नहीं आयेगा."

खरंच होतं. चुन्यामुळे आत सगळा दुधी उजेड. साहेबाने क्षणभर विचार केला आणि हुकूम सोडला, "चुना निकालो. यल्ला, जल्दी."

मार्च संपत आला होता. आम्ही चौघांनी शिड्या लावून छतावरचा सगळा चुना धुऊन काढला. काकड्यांचं काय होईल, हे कोणी विचारलं नाही. साहेबाला पणजा दिसत होता, मामूंना गाव दिसत होतं, आणि आम्हा बाकीच्यांना कामातून सुटका दिसत होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. निदान त्या दिवशी तरी कोणी ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उभे राहिलो. ऊन थेट अंगावर, जमीन ओली, त्यामुळे आत हंड्यात बसल्यासारखी वाफ. फोटोवाला फडक्याखाली शिरला, बाहेर आला, परत शिरला. "हिलना नहीं," तो ओरडला. घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि पुसता येत नव्हता. बलुची शिंकला, फोटोत त्याला दोन नाकं आली आहेत. केरळवाला डोळे मिटून देवाचं नाव घेत होता, तो झोपलेला दिसतो. मी झारी धरून चिडलेला, आणि ते अगदी स्पष्ट उमटलं आहे.

मामू हलले नाहीत. लोकरीच्या कोटात, कोपरापासून हात सुटे सोडून, तळवे जरा पुढे केलेले, कोणाला शंका राहू नये म्हणून. तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांची खलाशीगिरी, डावललं गेल्याचा राग, सगळं धुऊन निघालं होतं. मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांच्यावरची माया दाटून आली होती. माझ्या मामूंना मी इतकं सुखी पुन्हा कधी बघितलं नाही.

फोटो उत्तम आला. काकड्या मेल्या.

पाच-सहा दिवसांत पानांवर पांढरे डाग पडले, मग ती कागदासारखी कुरकुरीत झाली. परत लावायला चुना शिल्लक नव्हता आणि बाजारात "बुकरा, इन्शाल्ला" होता, म्हणजे उद्या, देवाची मर्जी असेल तर. देवाची मर्जी दहा-बारा दिवसांनी झाली. तोवर टोमॅटोही निघून गेले होते. कंपनीने साहेबाला परत बोलावलं. त्याने जाताना फोटो चौकट करून ऑफिसच्या भिंतीवर टांगला आणि आम्हा प्रत्येकाला एक एक छोटी प्रत दिली. त्या हंगामाचं तेवढंच पीक हाती आलं. मामूंनी आपली प्रत पोस्टाने पाठवली नाही. पोस्टाचा काय भरवसा, रजेवर जाईन तेव्हा स्वतःच्या हाताने नेईन, म्हणाले.

नवा साहेब तरुण, बारीक, हिंदी न येणारा. नुकसान झाल्यामुळे एक माणूस कमी करायचा, असं तो वरूनच ठरवून आला होता. फक्त कोणता, ते ठरायचं होतं. आमच्यापैकी कोणालाही तो ओळखत नव्हता आणि ओळखून घ्यायला त्याच्याकडे वेळ नव्हता. त्याने भिंतीवरचा फोटो काढून टेबलावर ठेवला आणि इंग्रजी येतं म्हणून मला बोलावलं.

बलुचीवर बोट. "डिगिंग?"

"येस सर."

केरळवाल्यावर बोट. "प्लांटिंग?"

"येस सर."

मग मामूंवर. "अँड धिस मॅन? हा काय करतो?"

"सर, ही इज द हेड."

"म्हणजे काय करतो?"

"बाकीच्यांच्या कामावर लक्ष ठेवतो."

"ते आता मी करणार," नवा साहेब म्हणाला.

 मी घाईघाईने सांगितलं की सर, पाण्याचं सगळं काम हाच माणूस करतो, ही झारी त्याची आहे, मी ती फोटोपुरती धरली आहे. साहेबाने फोटो बघितला, मला बघितलं आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसला. "यू आर अ गुड बॉय. अंकलसाठी बोलतोस. पण झारी तर तुझ्या हातात आहे."

मी म्हटलं, "सर, खिडकीतून बघा. आत्ताही तोच पाणी घालतोय."

आणि खरोखरच घालत होते. खिडकीतून मला स्पष्ट दिसत होते, झारी तिरकी धरून नव्या रोपांच्या वाफ्यावर वाकलेले. साहेब उठला, खिडकीशी आला. मामूंना चाहूल लागली. नवा साहेब बघतोय म्हटल्यावर त्यांनी चटकन झारी वाफ्याआड ठेवली, हात झटकले, ताठ उभे राहिले आणि केरळवाल्याकडे बघून ओरडले, "यल्ला, यल्ला! जल्दी!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेब जाऊन बसला आणि फोटो परत भिंतीवर लावायला माझ्याकडे दिला.

मामूंना मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? ते टाकीच्या कठड्यावर बसले होते.

"खलास?" त्यांनी विचारलं.

"खलास."

"तुला ठेवलं ना?"

"हो."

"मग ठीक. बहिणीला तोंड दाखवता येईल." जरा वेळाने म्हणाले, "काय म्हणाला? माझं काम चांगलं नाही म्हणाला?"

"नाही, मामू. कामाबद्दल काही बोलला नाही."

मी म्हटलं, आपण दोघं जाऊ, तुम्ही झारी घेऊन त्याच्यासमोर उभे राहा, वाटल्यास पाणी घालून दाखवा. मामूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही. त्या आठवड्यात ते बोटीने गेले. झारी माझ्याकडे आली, या वेळी भरलेली. तळहाताला फोड आले तेव्हा कळलं की मामूंनी इतके दिवस मला कशापासून लांब ठेवलं होतं. रडू आलं, आणि ते फक्त फोडांमुळे नव्हतं.

दोन वर्षांनी मी रजेवर गावी गेलो. मामूंचं घर विचारावं लागलं नाही, तरी एस.टी.तून उतरल्यावर कोणीतरी आपण होऊन म्हणालं, "सारंगांकडे ना? ते घरीच आहेत." पुढच्या पडवीत, येणाऱ्याला आधी तेच दिसावं अशा जागी, तो फोटो होता. खाली खुर्चीत मामू. आल्यागेल्याला ते समजावून सांगत, हा बलुची, हा केरळचा, हे सगळे माझ्या हाताखाली. नोकरी कशी सुटली, हे कोणी विचारत नव्हतं. सारंगाने बोट सोडली की लोक समजतात, त्याचं पोट भरलं.

माझी पंचाईत वेगळी होती. आईने एका घरी माझ्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. मुलीचा बाप चौकशीला म्हणून मामूंकडे आला, फोटो बघून गेला आणि कळवलं की पाणी भरणाऱ्याला मुलगी द्यायची नाही. आई भावाशी आठ दिवस बोलत नव्हती. मामूंनी त्या गृहस्थाला परोपरीने सांगितलं की पोरगा मॅट्रिक आहे, झारी फक्त फोटोपुरती होती. तो म्हणाला, सारंग, तुम्ही भाच्यासाठी बोलणारच. हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं.

परतायच्या आदल्या दिवशी मी जेवायला त्यांच्याकडे होतो. जेवणं झाली, मामी आत भांडी आवरत होत्या. मामूंनी पान लावायला घेतलं, आणि पानाकडेच बघत विचारलं, "माझ्या जागी कोणाला केला?"

रजाभर मला याच प्रश्नाची धास्ती होती. तिकडच्या साहेबाने त्यांची जागाच मोडून टाकली होती. अशी जागा होती हेही त्याला कधी पटलं नव्हतं. पण खोटं बोलायची वेळ माझ्यावर आली नाही.

"कोणालाच नाही, मामू," मी म्हटलं. "तुमच्यानंतर तिथे सारंग झालाच नाही."

त्यांचा चुन्याचा हात थांबला.  डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"मामीला हाक मार," ते म्हणाले. "तिच्यासमोर परत सांग."

मामी ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. मी परत सांगितलं, जरा मोठ्याने.